चाचे, तोफगोळे आणि पार्बताबाईंचा गुंड

या लेखात दोन नावं मिळणार नाहीत. एक त्या रिसॉर्टचं, कारण त्याची फुकट जाहिरात करायची माझी इच्छा नाही. दुसरं त्या गावाचं. त्याचं कारण शेवटी येईल. सिंदेवाहीपासून फार लांब नाही, एवढं पुरे.

मी नाशिकच्या एका रुग्णालयाचं भांडार सांभाळते. सुईपासून सलाइनपर्यंत प्रत्येक वस्तूची यादी ठेवणं हे माझं काम, आणि घरच्यांच्या मते माझा आजार. माझी भाची सई आणि तिचे शेजारचे दोन मित्र, ओंकार नि तन्वी, तिघंही बारा वर्षांचे. त्यांना मोबाइलवर जाहिरात दिसली: चाच्यांनी पुरलेला खजिना शोधण्याचं पाच दिवसांचं साहसी शिबिर, चंद्रपूरच्या जंगलात, सोबत एक मोठं माणूस आवश्यक. तिघांच्याही आईवडिलांना रजा नव्हती. मला होती. चंद्रपूरच्या जंगलात समुद्रावरचे चाचे कसे, हा प्रश्न मी नावं नोंदवायच्या आधी विचारायला हवा होता. तो मी पोहोचल्यावर विचारला.

नागभीड, टेंभरं

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरहून बसने नागभीडला उतरलो. दहा वाजले होते आणि डांबर चपलेला चिकटत होतं. रिसॉर्टची गाडी अकराला यायची ती सव्वाबाराला आली. ही वहीतली पहिली तक्रार.

तेवढ्या वेळात स्टँडवर एका बाईंकडे टोपलीभर टेंभरं दिसली, म्हणजे तेंदूची पिवळी फळं. तेंदूला पान असतं आणि त्याची विडी होते इतकंच मुलांना माहीत होतं. बाईंनी एक फळ फोडून आधी तिघांना चाखायला दिलं. आवडलं तरच घ्या, म्हणाल्या. आमच्याकडे द्राक्षाचा घड उचलून पाहिला तरी गाडीवाला डोळे वटारतो. आम्ही दोन द्रोण घेतले. त्यांनी तिसरा तन्वीच्या हातात नुसताच ठेवला.

तिथून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची मोकळी शेतं. इथे त्यांना बांध्या म्हणतात. चारी बाजूंनी बांध, मध्ये वाळलेली धसकटं, आणि दर दोन-चार बांध्यांमागे एक लहान तळं, पाणी तळाला गेलेलं. मोहाची फुलं वेचून संपली होती आणि झाडांना तांबूस कोवळी पानं फुटत होती. इतकं सुंदर रान बघत आम्ही ज्या फाटकाशी थांबलो, तिथे प्लायवूडचं जहाज उभं होतं.

जहाज

खरंच उभं होतं. काळा झेंडा, प्लॅस्टरची कवटी, कठड्याला लाकडी तोफ, आणि तोफेशेजारी रचलेले मोसंब्याएवढे काळे गोळे. जहाजापुढे समुद्र म्हणून निळा हौद. मॅनेजर तिशीतला, हसतमुख, पुण्याकडचा. मी त्याला विचारलं, चांद्यात चाचे कुठून आले? तो म्हणाला, "मुलांना आवडतं, मॅडम." पुढच्या चार दिवसांत माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्याने हेच उत्तर दिलं.

मला खरा राग आला तो सुकरूभाऊंकडे पाहून. साठीला आलेला माणूस, त्याच गावचा, मूळ काम बागेचं. त्यांना काळा कोट घालून, एका डोळ्यावर पट्टी बांधून, प्लास्टिकची तलवार देऊन ‘कॅप्टन’ केलं होतं. पारा चव्वेचाळीसवर. मी म्हटलं, भाऊ, हे कशाला सहन करता? ते म्हणाले, "एक डोया झाकाले सांगतलं जी. तोंड झाकाले त नाई ना सांगतलं."

तोंड त्यांनी खरंच झाकलं नाही. संध्याकाळी त्या उरलेल्या एका डोळ्याने त्यांनी मुलांना अस्वलाने उकरलेलं वारूळ दाखवलं, नखांच्या खुणा दाखवल्या, अस्वल पुढून आलं की मागून ते सांगितलं. मुलं तोंड उघडी टाकून ऐकत होती. तेवढ्यात मॅनेजर आला आणि कॅप्टनने चाच्यांच्या गोष्टी सांगायच्या असतात, अशी त्यांना आठवण करून दिली. मी वहीत दुसरी ओळ लिहिली आणि खाली दोनदा रेघ मारली.

ते तोफगोळेही सुकरूभाऊच करत. शेण आणि माती मळून गोळे वळायचे, उन्हात वाळवायचे, काळा ऑइलपेंट फासायचा. रोज सकाळी मुलांची ‘लढाई’ झाली की अर्धे फुटायचे, उरलेल्यांतले काही हौदात जायचे. मग नवे करायचे. जेवायला पास्ता होता. भाताच्या कोठारात बसून आम्ही पास्ता खाल्ला.

चाळीस पावलं

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक गटाला नकाशा मिळाला. कुंपणाबाहेरच्या मोहाच्या झाडापासून उगवतीकडे चाळीस पावलं, तिथे खणा. मी मुलांना जाऊ दिलं आणि व्हरांड्यात बसून मॅनेजरला द्यायची तक्रारींची यादी नीट उतरवू लागले. जिथे असायला हवं होतं तिथे मी नव्हते, हे आधीच कबूल करते.

नकाशातली पावलं सुकरूभाऊंची होती. ते सहा फूट उंच. मुलांची चाळीस पावलं शिबिराचा खजिना पुरलेल्या बांधीपर्यंत पोहोचलीच नाहीत. ती मधल्याच एका बंद घराच्या परसात संपली. बांबूचं कुंपण एका ठिकाणी मोडलं होतं, वेलाच्या मांडवाखालची माती भुसभुशीत होती, आणि मुलांच्या हातात खुरपी होती.

तासाभराने आरडाओरडा ऐकून मी धावले. जहाजासमोर पितळी गुंड होता, पाणी भरायचा असतो तसा. तोंडावर थाळी, कडेने मातीचा लेप, तो फोडलेला. भोवती शिबिरातली सगळी मुलं, त्यांचे आईबाप आणि त्यांचे मोबाइल.

मी गर्दी हटवली, चादर पसरली आणि एकेक वस्तू बाहेर काढून यादी केली. समई एक. हातातल्या चांदीच्या गोटांचा जोड एक. चांदीचा करदोडा एक. कुंकवाचा करंडा एक. चौकटीतला फोटो एक. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, रेशनकार्ड, दहावीची गुणपत्रिका. गुंड आणि थाळी धरून एकूण दहा. कागदांवर नाव होतं, पार्बताबाईंचं. खजिन्याचा विषय माझ्यापुरता तिथेच संपला. हे एका घराचं सामान होतं.

तळाशी एक वाळका शेणाचा गोळा होता. तो मी यादीत घेतला नाही. चांदी आणि कागदांच्या मध्ये शेण पाहून मला किळस आली, आणि ओंकारला म्हटलं, हे तिकडे गोवऱ्यांच्या ढिगावर टाकून ये आणि हात धू. हे माझे नेमके शब्द.

मॅनेजर कुठल्या कुठे पोहोचला होता. हा गुंड काचेच्या पेटीत ठेवून स्वागतकक्षात मांडायचा, खाली पाटी, गोंड राजांच्या काळातला खजिना, आमच्या छोट्या पाहुण्यांना सापडलेला. मी त्याच्यासमोर सातबारा धरला. तो म्हणाला, "कागद बाजूला काढून ठेवू, मॅडम. बाकीचं तर जुनंच दिसतंय."

मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. मुलांच्या कानावर गेलं तेवढं पुरे झालं.

सुकरूभाऊ आले ते पट्टी कपाळावर सरकवूनच. गुंड त्यांनी पाहताच ओळखला. पार्बताबाई त्यांची शेजारीण. दोन महिन्यांपूर्वी लेकासुनेबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेली होती. इथली पुष्कळ घरं धान निघाल्यावर अशी कुलूप लावून जातात. जनावरं नातेवाइकांकडे, कोंबड्या शेजारी, आणि जे जपायचं ते कुणी भावाकडे ठेवतं, कुणी पुरतं. सुकरूभाऊ एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होते, माझ्या पावलांनी केलं हे.

परत पुरून टाकावं, हा विचार मीही केला. पण तीसेक मोबाइलमध्ये ती जागा गेली होती. रिसॉर्टात ठेवायचा तर काचेची पेटी. म्हणून गुंड माझ्या खोलीत, माझ्या पलंगाखाली, खोलीला माझं कुलूप. त्या दिवसापासून आम्ही जेवायला सुकरूभाऊंकडे जाऊ लागलो. भात, अंबाडीची आंबट भाजी, सुकट, वर ताक. त्यांची बायको ताटातला भात संपायच्या आत पुढचा वाढत असे आणि नको म्हटलं तर हसत असे. तिथेच ओंकारचा उन्हाने घोळणा फुटला. तिने त्याच्या टाळूवर ओला टॉवेल ठेवला, कांदा फोडून नाकाशी धरला, आणि माझ्या औषधांच्या पेटीकडे बघितलंही नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिरचीहून परतणाऱ्या एका जीपमधून निरोप आला. पार्बताबाई वाटेत मुलचेऱ्याजवळ लेकीकडे चार दिवस थांबल्या आहेत.

मुलचेऱ्याकडे

चौथ्या दिवशी पहाटे निघालो. भाड्याची जीप, सुकरूभाऊ पुढे, मी मागे गुंड मांडीवर घेऊन, तीन मुलं शेजारी. शिबिराच्या वेळापत्रकात त्या दिवशी पोपट रंगवणे होतं. आमचं काही बुडालं नाही.

मूल गेलं, वैनगंगेच्या पुलावरून खाली नुसती वाळू दिसली, चामोर्शी, आष्टी, आणि मग साग दाट झाला. मुलचेऱ्याच्या अलीकडे एका गावात चहाला थांबलो तर दुकानावर पाटी बंगालीत. फार वर्षांपूर्वी पूर्व बंगालातून उठून आलेल्या लोकांना इथे वसवलं, त्यांची ही गावं. घरांपुढे केळी, मागे मासळीची तळी. दुकानदाराने रसगुल्ले दिले आणि आम्ही कुठचे ते विचारलं. सुकरूभाऊंशी तो त्यांच्याच बोलीत बोलत होता, बायकोशी बंगालीत, आणि माझ्याशी पुस्तकी मराठीत, मला बरं वाटावं म्हणून. मुलांनी त्याला सगळी हकीकत सांगितली. तो माझ्या मांडीवरच्या गुंडाकडे बघून म्हणाला, घर सोडताना काय घ्यायचं नि काय पुरायचं, ते आमच्या आजीला विचारायला हवं होतं. रसगुल्ल्यांचे पैसे त्याने घेतले नाहीत.

पार्बताबाई लेकीच्या अंगणात मिरच्या निवडत होत्या. पंचावन्नच्या असतील, बारीक, बोटांची टोकं तिखटाने लाल झालेली. सुकरूभाऊंनी सगळं सांगितलं, स्वतःकडे जास्तीत जास्त दोष घेऊन. मी मुलांना पुढे केलं आणि त्यांनी माफी मागितली. मग मी यादी वाचली आणि एकेक वस्तू त्यांच्यापुढे ठेवली. आपण हे काम चोख केलं, असं मला तेव्हा वाटत होतं.

त्यांनी फोटो पदराने पुसला. बाकी कशाला हात लावला नाही. गुंडात हात घालून तळ चाचपला.

"सारं हाये जी," त्या म्हणाल्या. "गोळा कुठी हाये?"

ओंकारने माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं. गोवऱ्यांच्या ढिगावर. मीच टाकायला सांगितलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, हात धुतले, सामान परत गुंडात भरलं, लेकीला दोन शब्द सांगितले आणि गुंड घेऊन जीपमध्ये जाऊन बसल्या. "चाला."

आष्टी आली. मग सईनेच धीर करून विचारलं, गोळ्यात काय होतं? त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. गेल्या दिवाळीच्या सुमाराला, कापणीच्या तोंडावर अवेळी पाऊस झाला आणि त्यांच्या बांधीतला सगळा धान आडवा पडला. आडवा पडलेला धान पाण्यात कुजतो. त्या बघायला गेल्या तर मधोमध तीन लोंब्या सरळ उभ्या. दाणाही वेगळा, बारीक. त्या तीन लोंब्या त्यांनी हाताने खुडल्या, दाणे पळसाच्या पानात बांधले, वरून शेणाचा गोळा वळला, म्हणजे कीड लागत नाही. बंद घरात उंदीर खातील म्हणून गोळा गुंडात, आणि पत्र्याखाली उन्हाने करपेल म्हणून गुंड मातीत. यंदा मृगात एका कोपऱ्यात वेगळं पेरून पाहायचं होतं. पुन्हा उभा राहिला तर सिंदेवाहीच्या धानाच्या संशोधन केंद्रात नेऊन दाखवायचा होता.

तन्वीने विचारलं, मग दागिने?

"दागिने काय वं, थे गोळ्याले सोबत म्हणून ठेवलो होतो."

रिसॉर्टमध्ये रोज सात वाजता त्याच ढिगातल्या गोवऱ्यांची शेकोटी पेटते. चव्वेचाळीस अंशांत. कारण मुलांना आवडतं. दोन शेकोट्या होऊन गेल्या होत्या, तिसरीची वेळ होत आली होती. मी ड्रायव्हरला काय सांगितलं असेल ते समजून घ्या.

जहाजावर

पावणेसहाला पोहोचलो. शेकोटी रचून तयार होती, लाकडं, मध्ये गोवऱ्या. मुलं धावत गेली आणि ती उपसायला लागली. मॅनेजर आडवा आला. पाहुण्यांचा कार्यक्रम आहे, वगैरे. मी त्याच्यावर पुन्हा आवाज चढवला आणि चढवता चढवता लक्षात आलं की गोळा काही त्याने टाकलेला नाही. तरी आवाज खाली आणला नाही. त्याच्यावर चढवण्यासारखं इतर पुष्कळ होतं.

शेकोटीत नव्हता. ढिगात नव्हता. आम्ही गोवरी न् गोवरी उलटून पाहिली. पार्बताबाई कडेला उकिडव्या बसल्या होत्या. राख सई चाळत होती.

सुकरूभाऊ मध्येच थांबले. हातातली गोवरी खाली ठेवली.

"गोळा असा होता का, पार्बता? मोसंब्याएवढा? मी त माहाच गोळा राह्यला समजलो," ते म्हणाले. "आयता वाळला दिसला. परवा दुपारी मीच रंगवलो त्याले."

सगळे जहाजाकडे वळलो.

परवा दुपारी गोळे तेरा झाले होते. त्यानंतर दोन लढाया झालेल्या. तोफेशेजारी आता सात उरले होते. हौदाच्या तळाशी तपकिरी गाळ बसला होता. तो पाहून ओंकार रडायला लागला. मी त्याला जवळ घेतलं, कारण गोळा त्याने टाकला असला तरी हात माझाच होता.

सात गोळे, एकसारखे काळे. मॅनेजरने हातोडी आणायला कुणाला तरी पाठवलं. त्याच्याकडून झालेली ही एकमेव मदत, आणि तीही चुकीची. पार्बताबाई पायऱ्या चढून त्या खोट्या जहाजावर गेल्या, काळ्या झेंड्याखाली मांडी घालून बसल्या, आणि एक गोळा उचलून कानाशी धरला. हळूच हलवला. खाली ठेवला. दुसरा. खाली. शिबिरातली मुलं भोवती जमली होती, तलवारी, टोप्या, पट्ट्या सगळं अंगावर, आणि एकाचाही आवाज नव्हता. तिसरा, चौथा. पाचवा त्यांनी पुष्कळ वेळ धरला. मग तो सईच्या कानाशी नेला.

सई म्हणाली, "आत्या, आत कुणीतरी आहे."

गोळा माझ्या कानाशीही आला. वाळक्या पानात दाणे सरकल्याचा आवाज, अगदी बारीक. मी तीस वर्षं वस्तू मोजते आहे. एखादी वस्तू कानाला लावून पाहायचं मला कधी सुचलेलं नाही.

सुकरूभाऊ खालून विचारत होते, रंगाने काही खराबी तर नाही ना होणार? पार्बताबाईंनी गोळा पदरात घेतला. "तेलाचा रंग हाये ना, भाऊ? मंग कीड बी पाय घसरून पडते." पहिल्यांदा हसल्या त्या तेव्हा.

पाचव्या दिवशी सकाळी मी तक्रारींचा कागद मॅनेजरला दिला. सतरा मुद्दे. त्याने वाचतो म्हटलं. अठरावा मुद्दा माझ्याबद्दलचा होता, तो वहीतच ठेवला.

मग आम्ही पार्बताबाईंच्या परसात गेलो. पेरणीला अजून महिना-दीड महिना होता आणि घरात उंदीर होतेच. त्यांनी नवी जागा दाखवली आणि खुरपी मुलांच्या हातात दिली. तिघांनी खड्डा खणला. गुंडात सगळ्यांत आधी गोळा गेला, मग बाकीचं. तन्वीने थाळी बसवली, ओंकारने मातीचा लेप दिला, सईने वरून पालापाचोळा पसरला. शेवटी तिने विचारलंच, मोहापासून इथपर्यंत किती पावलं?

"तुह्या पावलानं नोको मोजू," पार्बताबाई म्हणाल्या, आणि स्वतः मोहापाशी जाऊन चालत आल्या. आकडा तिघांच्या कानात सांगितला.

नाशिकला स्टेशनवर ओंकारच्या वडिलांनी विचारलं, खजिना मिळाला का रे? तो म्हणाला, "मिळालेला. परत ठेवला."

माझ्या वहीत त्या गुंडाची यादी आहे. दहा वस्तू होत्या, खाली वेगळ्या शाईने अकरावी. परसात उभी होते तेव्हा पेन उघडं होतं आणि जागा, दिशा, पावलं लिहून घ्यायला ओळ मोकळी होती. मी पेन बंद केलं. गावाचं नाव न लिहिण्याचं कारण हेच.